रात्री मोटार किती वेळ चालली?

(रात्र. उसाचा फड. मोटारीच्या पेटीवरचा लाल दिवा.)

पावणेबारा वाजलेत. लाइट आत्ता आली. लातूर जिल्ह्यातल्या या रानात स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, की खाली काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाणी ओढलं जातं. बांधापलीकडेही तीच वेळ, तसंच बटण. बटणं दोन, भेगा मात्र बऱ्याचदा त्याच असतात.

याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. पाऊस नव्हता, हे खरंच. पण शेजाऱ्यानं पाचशे फूट नेला म्हणून आपण सहाशे फूट बोअर पाडला, हेही तितकंच खरं.

(चार खुर्च्या. मधे आडोसे.)

आता हा खेळ पाहा. चार अनोळखी माणसं, प्रत्येकाला २० टोकन. हवी तेवढी स्वतःकडे ठेवायची, बाकीची सामाईक गल्ल्यात टाकायची. गल्ल्यातल्या एकेका टोकनामागे चौघांनाही प्रत्येकी ०.४ मिळतात, टाकणाऱ्याला आणि न टाकणाऱ्यालाही. सगळ्यांनी सगळं टाकलं, तर प्रत्येकाच्या हाती ३२. तिघांनी टाकलं आणि चौथ्यानं मूठ झाकली, तर त्याला ४४, तिघांना २४. आपल्या शिवाराचा हिशोब याहून वेगळा नाही.

झ्युरिकमध्ये अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी हा खेळ फेरीमागून फेरी खेळवला. निष्कर्ष २००० साली छापून आले. सुरुवातीला लोक बऱ्यापैकी टाकतात. मग कुणीतरी हात आखडलाय हे कळतं, बाकीचेही आखडतात, आणि शेवटच्या फेरीला गल्ला जवळजवळ कोरडा. आपल्या पदरचं घालून दुसऱ्याला दंड करायची मुभा दिली, तेव्हा मात्र गल्ला भरू लागला. बांधाच्या हातभर जमिनीपायी वर्षानुवर्षं तारखा करणाऱ्या आपल्या माणसांना यात नवल वाटणार नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी उर्स फिशबाखर यांच्यासोबत २००१ मध्ये मांडलेलं. बाकीचे जितकं टाकतील तितकं मीही टाकेन, असं सांगणारे जवळपास निम्मे निघाले. काहीच न टाकणारे साधारण तिसरा हिस्सा. म्हणजे गल्ला आटतो तो सगळेच लोभी असतात म्हणून नव्हे. ‘मीच एकटा कशाला मरू?’ या एका विचारानं भली माणसंही मूठ झाकतात.

(जुनी बांधीव विहीर. काठावर झिजलेला दगड.)

एलिनोर ऑस्ट्रम या अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला, २००९ साली. सहकाऱ्यांसोबत त्यांनी सामाईक साठ्याचे असेच खेळ घेतले आणि खेळाडूंना मधेमधे फक्त बोलू दिलं. सही नाही, करार नाही. तरी ओरबाडणं कमी झालं.

आपल्याकडे भावाभावांच्या सामाईक विहिरीला पाळी असायची, सातबाऱ्यावर हिस्सा असायचा. काठावर उभं राहिलं, की पाणी कुठवर उतरलं ते सगळ्यांना दिसायचं. बोअरचं पाणी कुणालाच दिसत नाही.

आंध्र प्रदेशात शेतकऱ्यांनी गावातच बसून भूजलाचा खेळ खेळला: कोणतं पीक घ्यायचं आणि त्यानं पाणी किती उतरेल. खेळापुरता तिथे बोलण्याचा फारसा फरक पडला नाही. शिकलेली माणसं मात्र जास्त सहकारानं खेळली. पण नंतर पाहिलं तेव्हा जिथे खेळ झाले होते, तिथे पाण्याची नोंदवही आणि वापराचे नियम जास्त आढळले. मला ती वही फार मोलाची वाटते. ती उघडली, की बोअरचं पाणीही विहिरीसारखं दिसायला लागतं.

(पहाट. दोन रानं, मधे बांध.)

लाइट गेली. दोन्ही मोटारी एकदम थांबल्या. थोड्या वेळानं बांधावर दोघं समोरासमोर येतील. रामराम होईल, चहाचं विचारणं होईल. मग एकानं हेही विचारावं, “काका, रात्री मोटार किती वेळ चालली?”