ट्रॉमा : मुळात एक जखम

(पडद्यावर : लाल आकृत्यांचा मातीचा पेला)

बर्लिनच्या संग्रहालयात मद्य प्यायचा एक पसरट पेला आहे. साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचा, ग्रीक. त्याच्या आतल्या बाजूला दोन योद्धे. खाली बसलेला अकिलीस मित्राच्या हाताला पट्टी बांधतोय. शेजारी बाण पडलाय. मित्र पॅट्रोक्लस. त्यानं मान फिरवलीय, दातांवर दात आवळलेत. चित्रकारानं ते दात मुद्दाम पांढऱ्या रंगानं काढलेत.

अशा जखमेला ग्रीक म्हणत ‘ट्राउमा’. शस्त्रानं झालेली, बाहेरून आलेली जखम. ‘टिट्रोस्को’, म्हणजे जखमी करणे, हे क्रियापद याच शब्दाचं सख्खं भावंड. गंमत म्हणजे ट्रॉयच्या युद्धात पानोपानी माणसं घायाळ करणारा महाकवी होमर ‘ट्राउमा’ हा शब्द वापरतच नाही. तो म्हणतो ‘हेल्कोस’. आणि इतिहासकार हेरोडोटस? तो रणांगणातल्या पराभवालाही ‘ट्राउमा’च म्हणतो. सैन्याच्या वर्मी बसलेला घाव!

(पडद्यावर : जुनी हस्तलिखितं)

प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात डोक्याच्या जखमांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. कवटीला तडा गेलाय का, हे डोळ्यांना दिसत नसेल तर काय करायचं? वैद्यानं जखमेत काळंकुट्ट मलम भरायचं, पट्टी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी हाड खरवडायचं. तडा असेल तर काळी रेघ आत उतरलेली दिसते. एक्स-रे नव्हता, पण डोकं होतं!

शब्द मनाकडे वळला तो फार उशिरा, आणि तोही रेल्वेमुळे. 1866 मध्ये लंडनचे शल्यविशारद एरिकसन यांनी रेल्वे अपघातातून वाचलेल्या माणसांवर लिहिलं. अंगावर फारशी खूण नाही, पण त्रास मात्र संपत नाही. एरिकसन यांनी दोष दिला मज्जारज्जूला बसलेल्या हादऱ्याला. 1889 मध्ये बर्लिनचे ओपेनहाइम यांनी अशा विकारांना नाव दिलं ‘ट्रॉमॅटिक न्यूरोसिस’. पुढे पहिलं महायुद्ध, मग व्हिएतनाम. 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत ‘पीटीएसडी’ आलं, म्हणजे ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, आघातानंतर मागे उरणारा मनाचा विकार. त्यातला ‘टी’ म्हणजे तोच ट्राउमा.

आपल्याकडे हा शब्द दोन्ही अर्थांनी नांदतो. महामार्गावरच्या ‘ट्रॉमा केअर सेंटर’ची पाटी हाडामांसाच्या जखमेबद्दल बोलते, आणि ‘ट्रॉमा आहे गं तो माझा’ म्हणणारी मैत्रीण मनाच्या.

(पडद्यावर : पुन्हा पेला, पॅट्रोक्लसचा चेहरा)

त्या पेल्यावर जखम कुठे दिसते, शोधून पाहा. ती पट्टीखाली गेलीय. दिसतात ते फक्त दात.