पडका जाम

(दृश्य: पहाट. रामबागेतलं एक जुनं घर, मागचं अंगण.)

इंदुरात भाद्रपदातली सकाळ कचरागाडीच्या गाण्यानं सुरू होते. ते कानावर पडलं की काकू टोपलं घेऊन झाडाखाली धावतात. रात्रीत पडलेले जाम गाडी जायच्या आत वेचायचे असतात. जाम म्हणजे पेरू. पुण्याचे पाहुणे इथे हमखास फसतात, त्यांचा जाम वेगळा.

फळ वरून धड दिसतं. दाबलं की बोट आत रुततं आणि पांढऱ्या अळ्या दिसतात. त्यातली एखादी अंगाची कमान करते आणि टुणकन उडते.

ही फळमाशीची करामत. मादी सालीखाली अंडी टोचते. अळी आठवडाभर गर खाते, मग मातीत शिरून कोष करते. फवारा कितीही मारा, अळी फळाच्या पोटात सुरक्षित.

(दृश्य: फळावर एक बारीक, तांबूस गांधीलमाशी.)

पण त्या अळीपर्यंत पोचते ती ही. मुंगीएवढी, मागे केसासारखी लांब सोंड. सालीवर फिरत ती आतली वळवळ हेरते, सोंड खुपसते आणि अळीच्या अंगात अंडं घालते. अळी नेहमीसारखी मातीत उतरते, कोषही करते. पण कोष फोडून बाहेर येते ती गांधीलमाशी.

अशीच एक जात 1916 मध्ये भारतातून हवाईला नेली होती, तिथल्या वेलवर्गीय फळांवरच्या फळमाशीसाठी. तिला नाव मिळालं ते बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेतले कीटकशास्त्रज्ञ फ्लेचर यांचं. रानकारल्यांवर तिनं छान जम बसवला. जाड गराच्या फळांत मात्र सोंडच पुरेना. मोठ्या जामातही तीच अडचण, म्हणून एकट्या गांधीलमाशीवर बाग सोडून चालत नाही. फळमाशीच्या नरांना वासानं ओढणारा मिथाइल युजेनॉलचा सापळा जोडीला हवाच. तो गांधीलमाशीच्या वाटेला जात नाही.

त्याच पुशातून शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 मध्ये इंदुरात आले आणि इथे त्यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. चांगल्या तापलेल्या ढिगात अळ्या मरतात. पण त्या अळ्यांच्या पोटातल्या गांधीलमाश्याही मरतात. कचरागाडीत टाकलेल्या जामांबरोबर त्याही जातात. स्वच्छतेचा एवढा अभिमान असलेल्या शहरात हे बोलायची पंचाईतच आहे.

काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे आता अळ्यांचे लाड करू का रे?"

लाड नकोत, कोंडायच्या. हवाईत त्यासाठी तंबू उभारतात. आम्ही कूलरची जुनी टाकी घेतली. तळाला ओलसर माती, तिच्यावर पडके जाम आणि वरून घट्ट ताणलेली जाळी. जाळीचं भोक असं निवडायचं, की बारीक गांधीलमाशी निसटेल आणि जाडी फळमाशी आतच अडकेल. कडेला फट राहिली तर सगळं मुसळ केरात.

(दृश्य: जाळीखाली घोंगावणाऱ्या माश्या.)

आधी निघाल्या त्या माश्याच. काकूंनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गांधीलमाशीला कोषात आणखी काही दिवस लागतात, हे त्यांना पटेना. "गाडीत टाकले असते तर बरं," म्हणत त्या आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात हाक आली. जाळीवर एक तांबूस गांधीलमाशी पंख पुसत बसली होती.

काकू कुजबुजल्या, "हळू बोल, उडेल."

ती उडाली, थेट जामाच्या झाडाकडे.