लुनाडा बे : कड्याखालची टोळी

लॉस एंजेलिसच्या नैर्ऋत्येला पॅसिफिक महासागरात शिरलेले एक डोंगराळ द्वीपकल्प आहे. त्याच्या पश्चिम कड्यावर पालोस वर्दीस इस्टेट्स हे सुमारे 13 हजार वस्तीचे अतिश्रीमंत शहर वसले असून कड्याच्या पायथ्याशी लुनाडा बे हा अर्धचंद्राकार उपसागर आहे. उत्तर पॅसिफिकमधील वादळांनी उठवलेल्या लाटा हिवाळ्यात येथील खडकांवर उंच आणि लांबवर फुटतात. त्यामुळे दक्षिण कॅलिफोर्नियातील सर्फरांना, म्हणजे फळीवर उभे राहून लाटांवरून घसरत जाणाऱ्यांना, ही जागा अनेक दशकांपासून ठाऊक आहे. तरीही त्यांतील बहुतेकांनी येथे एकदाही पाण्यात पाऊल टाकले नाही, आणि त्याचे कारण समुद्रात नव्हते.

त्या कारणाचे नाव होते ‘बे बॉइज’, ही स्थानिक सर्फरांची टोळी. बाहेरून कोणी सर्फबोर्ड घेऊन आला, की कड्यावर उभ्या केलेल्या त्याच्या मोटारीचे टायर फाडले जात आणि काचेवर मेण फासले जाई. खाली उतरणाऱ्या अरुंद पायवाटेवर वरून दगड येत. एवढ्यावर न थांबता तो पाण्यात शिरलाच, तर त्याला घेरून शिवीगाळ केली जाई. कधी कधी कोणी मुद्दाम त्याच्या अंगावर बोर्ड घालत असे. टोळी म्हटल्यावर जी गरिबी, बेकारी आणि उपेक्षा आपण गृहीत धरतो, त्यांपैकी येथे काहीच नव्हते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मारूब्रा किनाऱ्यावर वाढलेल्या ‘ब्रा बॉइज’ टोळीची मुळे निदान तेथील सरकारी गृहवसाहतींत आणि विस्कटलेल्या घरांत शोधता येतात. लुनाडा बेवर दहशत बसवणाऱ्यांत मात्र याच सुखवस्तू शहरात लहानाचे मोठे झालेले आणि चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले गृहस्थही होते.

त्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. चांगली लाट ही मोजकी वस्तू आहे. ती जेथे फुटू लागते ती जागा चिंचोळी असते आणि एका लाटेवर एकाच सर्फरचा हक्क मानला जातो. त्यामुळे गर्दी वाढली, की अनुभवी माणसाच्याही वाट्याला फारसे काही उरत नाही आणि नवख्यांमुळे अपघात वाढतात. हे खरे आहे, परंतु ते जगातील प्रत्येक नामांकित सर्फकिनाऱ्याला लागू पडते. बहुतेक ठिकाणी त्यातून कुरबुरी आणि क्वचित मारामारी होते. पन्नासेक वर्षे टिकणारी नाकेबंदी होत नाही. ती टिकण्यासाठी मागे उभे राहणारे गाव लागते.

पालोस वर्दीसची आखणी 1920 च्या दशकात झाली, तेव्हा तेथील मालमत्तेच्या करारांतच गोऱ्यांखेरीज इतरांना घरे विकण्यास मनाई होती. 1948 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. पण परक्याला वेशीवरच अडवण्याची वृत्ती निकालाने जात नाही, आणि या शहराला स्वतःचे स्वतंत्र पोलीस दलही होते. 2015 मध्ये ब्रिटनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्राच्या पत्रकारांनी छुप्या कॅमेऱ्यासह येथील पोलीस ठाणे गाठले. तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने बे बॉइज सगळेजण आपल्या ओळखीचे असल्याचे आणि त्यांना बाहेरचा सर्फर खपत नसल्याचे अगदी सहजपणे सांगितले. त्या संभाषणात काही दडवण्याजोगे आहे असे त्याला वाटलेच नाही, हे माझ्या मते सर्वांत बोलके आहे.

याहून ठोस पुरावा कड्याखाली उभा होता. दगड आणि सिमेंट वापरून बे बॉइजनी तेथे बैठकीची पक्की जागा बांधली होती आणि लोक तिला किल्ला म्हणत. बांधकाम विनापरवाना होते, जमीन शहराची होती, आणि तरीही ते वर्षानुवर्षे तसेच राहिले. एरवी ज्या शहरात घराच्या छपरावरील कौलांसाठीही घरांचे बाह्यरूप तपासणाऱ्या कलासमितीची मंजुरी घ्यावी लागते, त्या शहराला हा किल्ला दिसला नाही.

मार्च 2016 मध्ये दुसऱ्या शहरातील एक पोलीस अधिकारी, एक महिला सर्फर आणि किनारा संरक्षणासाठी काम करणारी एक संस्था यांनी टोळीविरुद्ध आणि शहराविरुद्ध दावा दाखल केला. कॅलिफोर्नियात भरतीरेषेखालचा किनारा जनतेच्या मालकीचा मानला जातो आणि 1976 च्या किनारा कायद्यानुसार तेथे जाण्याच्या सार्वजनिक हक्काला संरक्षण आहे. राज्याच्या किनारा आयोगानेही किल्ल्याबाबत शहराला जाब विचारला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो पाडण्यात आला. मात्र खटला संपला नाही. संघीय न्यायालयात दावा करणाऱ्यांना अपयश आल्यानंतर लढाई राज्याच्या न्यायालयात गेली, काही प्रतिवादींनी आपापल्या तडजोडी केल्या, आणि अपील न्यायालयाने जमीनमालक म्हणून त्या बांधकामाबाबत शहराला जबाबदार धरता येऊ शकते असे ठरवल्यावर शहराची बाजू लंगडी पडली.

2024 मध्ये शहराने तडजोड केली. आपली चूक त्याने मान्य केली नाही. पण उपसागर सर्वांसाठी खुला असल्याचे फलक लावण्याचे आणि आपल्या पोलिसांना त्या दृष्टीने प्रशिक्षण देण्याचे कबूल केले.