स्टीलची फ्रेम घेताना आधी माप, मग नळी, मग वजन

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय सायकलच्या स्टीलच्या फ्रेमबद्दल. म्हणजे नुसती फ्रेम घेऊन त्यावर आपल्या आवडीची सायकल बांधायची असेल, किंवा एखादी जुनी वापरलेली सायकल नजरेत भरली असेल, तर साइझ कसा ठरवायचा आणि वजन किती असावं. स्टीलची फ्रेम म्हटलं की पहिला प्रश्न बहुतेक सगळे एकच विचारतात, किती किलोची आहे हो? आणि मला अगदी मनापासून वाटतं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा, कारण मापाची नसलेली हलकी फ्रेम पाठ आणि मान दुखवते, आणि मापाची असूनही तुमच्या वजनाला न पेलणारी फ्रेम उतारावर धडकी भरवते, आणि या दोन्ही गोष्टी वजनकाट्यावर दिसत नाहीत.

तर आधी माप. फ्रेमवर स्टिकर असतो, ५४, ५६, ५८ वगैरे, आणि लोक तोच साइझ धरून चालतात. हा आकडा म्हणजे सीट ट्यूबची, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीची लांबी, सेंटिमीटरमध्ये. पण ती कुठून कुठपर्यंत मोजली हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. कोणी बॉटम ब्रॅकेटच्या (जिथे पायडलचा आस फिरतो तो भाग) मध्यापासून टॉप ट्यूबच्या (वरची आडवी नळी) मध्यापर्यंत मोजतं, कोणी सीट ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत, त्यामुळे दोन ५६ च्या फ्रेममध्ये दीड-दोन सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. आणि टॉप ट्यूब मागे उतरती असेल तर हा आकडा जवळपास निरुपयोगीच, कारण सीट ट्यूब मुद्दाम आखूड केलेली असते.

मग सुरुवात कुठून करायची, तर स्वतःच्या पायांपासून. पॅंटचं माप इथे चालत नाही. अनवाणी, भिंतीला पाठ लावून सरळ उभं राहायचं, पुठ्ठ्याच्या कडक बांधणीचं एक जाड पुस्तक पायांच्या मधे उभं धरायचं, कणा वर, आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढ्या जोरात वर दाबायचं. पुस्तकाची मागची कड भिंतीला टेकलेली पाहिजे, तिरकी नको. दुसऱ्या कोणाला तरी कण्याच्या उंचीवर पेन्सिलने खूण करायला सांगा आणि जमिनीपासून मोजा. हे तीनदा करा, कारण पहिल्यांदा सगळे पुस्तक हळूच धरतात आणि माप एक-दोन सेंटिमीटर कमी येतं. समजा ८२ सेंटिमीटर आलं. जुन्या पद्धतीच्या, टॉप ट्यूब आडवी असलेल्या रोड फ्रेमसाठी याला ०.६५ ते ०.६७ ने गुणायचं, म्हणजे ५३ ते ५५ च्या दरम्यान उत्तर येतं. आणि ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची, साधारण ७२ सेंटिमीटर. हे अंदाज आहेत, कायदा नाही, पण सुरुवातीला हातात धरायला चांगले.

आता खरी गोष्ट. सीटची उंची सीटपोस्टने वरखाली करता येते, पण फ्रेमची लांबी बदलता येत नाही, म्हणून माझं तर मत असं की साइझ ठरवताना उंचीपेक्षा लांबीकडे जास्त बघा. यासाठी दोन मापं असतात, स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यातून सरळ उभी रेघ काढली असं समजा, तर त्या रेघेपासून हेड ट्यूबच्या (हँडलखालची आखूड नळी) वरच्या तोंडापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच, आणि बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून त्या तोंडापर्यंतचं उभं अंतर म्हणजे स्टॅक. आता सापळा कुठे आहे बघा. दोन फ्रेमची टॉप ट्यूब कागदावर अगदी सारखी, ५५ सेंटिमीटर, पण एकीचा सीट अँगल, म्हणजे सीट ट्यूबचा जमिनीशी कोन, ७२ अंश आणि दुसरीचा ७४. वाटतं सारख्याच. पण टॉप ट्यूबच्या उंचीला एका अंशामागे साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे दोन अंशांना दोन सेंटिमीटर, आणि सीट दोन्हीकडे पायडलच्या हिशेबाने एकाच जागी लावली की ७४ वाली फ्रेम हाताला तेवढी लांब पडते. दोन सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक अख्खा साइझ. रीच बघितला असता तर हे लगेच कळलं असतं. रीचची तुलना पण सारख्या स्टॅकला करायची, कारण हँडलखाली एक सेंटिमीटरचे स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या कड्या, टाकले की हेड ट्यूबच्या तिरकेपणामुळे हँडल तीनेक मिलिमीटर मागे येतं.

हे कळायचा सोपा मार्ग म्हणजे आत्ता जी सायकल अंगाला बसते तीच मोजून काढायची. सीटचं टोक ते हँडलचा मध्य, सीट आणि हँडलच्या उंचीतला फरक, सीटचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या किती मागे आहे, या तीन गोष्टी लिहून ठेवा आणि नवीन फ्रेमच्या आकड्यांवर बसवून बघा. रोड सायकलला ९० ते ११० मिलिमीटरच्या स्टेममध्ये (हँडलला फ्रेमशी जोडणारा दांडा) जमत असेल तर फ्रेम बरोबर. जमवायला ६० चा किंवा १३० चा स्टेम लावावा लागत असेल तर ती फ्रेम तुमची नाही, कितीही सुंदर रंग असला तरी सोडून द्या.

दोन साइझच्या मधे अडकलात तर? जोरात, खाली वाकून चालवणाऱ्याने लहान घ्यावी, दिवसभर आरामात लांब जाणाऱ्याने मोठी, फक्त उभं राहिल्यावर टॉप ट्यूब आणि आपल्यात दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. जुन्या, आत सरकणाऱ्या खांबाच्या स्टेमवाल्या फ्रेममध्ये हँडल वर घेणं सोपं असतं, पण खांबावरची कमीत कमी किती आत पाहिजे ती खूण कधी बाहेर दिसू द्यायची नाही, सीटपोस्टचंही तेच. उंचीने कमी असलेल्यांनी आणखी एक बघावं. लहान फ्रेममध्ये मोठं चाक कोंबलं की वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं, तेव्हा लहान चाकांसाठी बनवलेली फ्रेम जास्त शहाणपणाची. आणि मागे बॅगा लावणार असाल तर चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकापर्यंतची नळी) किती लांब आहे ते विचारा, रेसिंगच्या फ्रेममध्ये ४१ सेंटिमीटरच्या आसपास असतो, टूरिंगला ४५ च्या पुढे मागेच, नाहीतर टाच दर फेरीला बॅगेवर आपटते.

बरं, आता वजन. इथे स्टीलची एक गंमत आहे जी फार थोड्या लोकांना माहीत असते. स्टील साधं हाय-टेन असो, क्रोमोली (क्रोमियम-मोलिब्डेनमचं) असो की महागडं हीट-ट्रीटेड (तापवून मजबूत केलेलं) असो, सगळ्यांची घनता जवळजवळ सारखी आणि कडकपणाही जवळजवळ सारखाच. म्हणजे अगदी सारख्या व्यासाची, सारख्या गेजची, म्हणजे पत्र्याच्या जाडीची नळी, एक साध्या स्टीलची आणि एक भारीतली, दोन्हींचं वजन तेच आणि दोन्ही सारख्याच लवणार. मग पैसे कशाचे? मजबुतीचे. भारी स्टील वाकून तसंच राहायच्या आधी जास्त ताण सहन करतं, म्हणून ते पातळ ओढता येतं, आणि पातळ ओढलं की वजन कमी होतं. पण पातळ झाली की नळी जास्त लवते. हे नीट लक्षात घ्या, महाग स्टील म्हणजे कडक फ्रेम असं अजिबात नाही, उलट व्यास तोच राहिला तर महाग फ्रेम जास्त मऊ असते.

नळीचा पत्रा जाड कुठे हवा तर सांध्यांपाशी, मधे पातळ चालतो. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये रेनॉल्ड्सने अशा बटेड नळ्यांचं पेटंट घेतलं, आणि १९३५ मध्ये त्यांची ५३१ नावाची मॅंगनीज-मोलिब्डेनमची नळी आली, तिच्यावर पुढे कित्येक वर्षं रेसच्या सायकली बनल्या. आजही गेज असंच लिहितात, ०.९-०.६-०.९, म्हणजे टोकांना ०.९ मिलिमीटर, मधे ०.६. हलक्या फ्रेममध्ये ०.७-०.४-०.७ पर्यंत जातात. डाउन ट्यूबचा (हेड ट्यूबपासून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणारी नळी) पत्रा एक दशांश मिलिमीटरने पातळ केला की साधारण ४० ग्रॅम वाचतात, फक्त ४० ग्रॅम. त्याउलट व्यास २८.६ वरून ३१.८ मिलिमीटर केला आणि गेज तोच ठेवला तर नळीचं वजन अकरा-बारा टक्केच वाढतं पण कडकपणा पस्तीस-चाळीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून फ्रेम बघताना नळीचा व्यास विचारा, गेज विचारा, आणि मग वजन.

आणि माप आणि वजन इथेच एकत्र येतात. बऱ्याच फ्रेममध्ये लहानात लहान साइझपासून मोठ्यात मोठ्यापर्यंत नळ्या त्याच वापरलेल्या असतात. ५० ची फ्रेम घेणारा ५० किलोचा माणूस, त्याला त्या नळ्या आखूड झाल्यामुळे आणखी कडक लागतात, प्रत्येक खड्डा हातात येतो. ६१ ची फ्रेम घेणारा ९५ किलोचा, त्याला त्याच नळ्या लांब पडतात आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की फ्रेम डोलते. तेव्हा हलक्या, कमी उंचीच्या माणसाने बिनधास्त पातळ, जुन्या व्यासाच्या नळ्या घ्याव्यात, फार आनंद देतात. उंच आणि वजनदार माणसाने मोठ्या व्यासाची, थोडी जाड फ्रेम घ्यावी आणि ती तीन-चारशे ग्रॅम जास्त भरली तर मनाला लावून घेऊ नये. सामान लादणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण मागच्या कॅरिअरवर वजन आणि टॉप ट्यूब पातळ असली की उतारावर हँडल थरथरायला लागतं आणि ते वाढत जातं. तसं झालंच तर दोन्ही गुडघे टॉप ट्यूबला दाबून धरा, सीटवरून वजन थोडं उचला आणि वेग हळूहळू कमी करा.

आकडेच हवे असतील तर, मधल्या साइझची चांगली बटेड क्रोमोली फ्रेम दोन किलोच्या आसपास भरते, फार हलक्यातली पावणेदोनच्या खाली जाते, टूरिंगची सव्वादोन ते पावणेतीन, आणि साध्या हाय-टेनची तीन किंवा वरच. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, वेगळा, स्टीलचा असेल तर पाऊण ते एक किलो. कंपनी सांगते ते वजन बहुतेक वेळा एकाच साइझचं असतं, कधी रंगाशिवायचं, तेव्हा तुमच्या साइझचं, रंगासकट, असं विचारा. आणि अर्धा किलो वाचवून काय मिळतं तर माणूस, सायकल, पाणी धरून ८५ किलोतले अर्धा किलो, म्हणजे तासाभराच्या चढावर वीसेक सेकंद. रेस लढवणाऱ्याला ते हवेत, बाकीच्यांनी तेच पैसे चांगल्या टायरवर घालावेत, फरक पहिल्याच दिवशी कळतो.

जुनी फ्रेम घेताना स्टिकरवर विसंबू नका, स्टिकर कोणीही लावतं. सीटपोस्ट बाहेर काढा आणि त्यावर कोरलेला आकडा वाचा. जुन्या फ्रेममध्ये सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास बहुधा २८.६ असतो. पोस्ट २७.२ ची असेल तर पत्रा ०.६ च्या आसपास, म्हणजे नळी चांगली. पोस्ट २५.४ ची असेल तर पत्रा दीड मिलिमीटरच्या वर, म्हणजे साधी जाड नळी, फ्रेम जड असणार, मग वर काहीही छापलेलं असो. फक्त कोणी चुकीच्या मापाची पोस्ट ठोकून बसवलीय का तेही बघा, पोस्ट आवळणाऱ्या क्लॅंपच्या फटीच्या दोन्ही कडा समांतर पाहिजेत. पोस्ट निघतच नसेल, गंजून आत धरली असेल, तर सौदा तिथेच थांबवा. मग डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला, हेड ट्यूबच्या मागे बोट फिरवा, रंगाला आडवी चीर किंवा पत्र्याला उंचवटा लागला तर सायकल समोरून कुठेतरी आदळलेली आहे. आणि फ्रेम पातळ नळ्यांची निघाली तर घरी आणल्यावर दुरुस्तीच्या स्टॅंडमध्ये टॉप ट्यूबला पकडू नका, ०.४ चा पत्रा जबड्यात चेपतो, पकडायचं ते सीटपोस्टला.