पेल्यातला डायनासोर

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय 'विज्ञानपटातील विज्ञान व साहस' असा छापलाय. एवढा भारदस्त विषय मी दिलेला नव्हता, पण त्यावर बोलणार, नक्की बोलणार. फक्त माझी ओळख करून देण्यात जी मिनिटं गेली ती कृपया माझ्या खात्यातून वजा करू नयेत.

बोलायचंय 'जुरासिक पार्क'बद्दल, म्हणजे डायनासोर पुन्हा जन्माला घालून त्यांची बाग काढतात त्या स्पीलबर्गच्या सिनेमाबद्दल. पाहिला नाही असं इथे कोण आहे? मागे एक हात वर दिसतोय. काका, सोसायटीची सभा वरच्या मजल्यावर आहे. नाही, बसा, बसा, शेवटी चहा आहे.

आपल्या मंडळात एक पंथ आहे. त्यांना ऋत्विक घटकांसारखा दिग्दर्शक चालतो, इंगमार बर्गमन चालतो, डायनासोर म्हटलं की नाकं मुरडतात. मीही घटकांचा 'मेघे ढाका तारा' पाहून रडलेला माणूस आहे. पण जन्मभर सिनेमे पाहून झालेलं माझं मत सांगतो: प्रेक्षकाला ताटकळत कसं ठेवावं हे स्पीलबर्गइतकं फार थोड्यांना कळलंय. आणि याच ताटकळण्याचा खून मी डोळ्यांदेखत पाहिलाय.

चित्रपट १९९३चा. आपल्याकडे १९९४ साली आला, तोही हिंदी बोलत. आमच्या थेटरावर ही गर्दी! ज्यांनी इंग्रजी सिनेमाची पायरी चढली नव्हती असे लोक पोराबाळांसकट रांगेत. आता प्रसंग आठवा. रात्र, पाऊस, कुंपणाची वीज गेलेली, दोन गाड्या रुळावर अडकलेल्या. लांबून धप्प. डॅशबोर्डवर पाण्याचे दोन पेले. पाण्यावर बारीकसं वर्तुळ उठतं. धप्प. परत एक. सगळं थेटर श्वास रोखून बसलेलं, आणि पडद्यावर काय आलं? 'मध्यंतर'! पाठोपाठ सराफाच्या जाहिरातीची स्लाइड. दिवे लागले, दार उघडलं, 'गरम वडे' म्हणत पोरगा आत. अहो, साडेसहा कोटी वर्षांनी एक प्राणी यायला निघालाय, आणि आमच्या थेटरवाल्याने त्याला वड्यांसाठी थांबवून ठेवलाय!

मी तावातावाने मॅनेजरच्या खोलीत गेलो. म्हटलं, हा सिनेमा सलग बघायला काढलेला असतो, त्याला मधे कापायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? ते शांतपणे म्हणाले, 'मग कँटीनचं नुकसान तुम्ही भरून देता का?' याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. परत आलो तर सिनेमा सुरू झालेला. टी-रेक्स या मोठ्या मांसाहारी डायनासोरसाठी बांधलेल्या बकरीची तंगडी गाडीच्या काचेवर आदळली तेव्हा अर्धं थेटर मुतारीत होतं. आमच्या हिने मला शांत करायला वडा घेऊन ठेवला होता. चांगला होता वडा, ते नाकारत नाही.

पण त्या वर्तुळांमागचे कष्ट त्या मॅनेजरना कोण सांगणार? पाण्यात तशी नेमकी गोल लाट काही केल्या उठेना. शेवटी स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या मायकल लँटिएरी या गृहस्थाने गिटारची तार छेडून पाहिली आणि जमलं! पेल्याखालून गाडीच्या तळापर्यंत तार ताणली आणि चित्रीकरणात ती खालून छेडली. संगणकाच्या करामतींचं युग ज्या सिनेमाने आणलं म्हणतात, त्यातली सगळ्यात मोठी भीती अशी तारेवर वाजवलेली आहे. आवाजाचंही तेच. टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीच्या पिलाचा आवाज आहे. बाकी कोणाकोणाचे आवाज कुठे वापरलेत ते चहाच्या वेळी सांगेन, समोर मुलं बसलीत.

मुलांवरून आठवलं. सिनेमातली ती शास्त्रज्ञ बाई आजारी ट्रायसेराटॉप्सच्या शेणात कोपरापर्यंत हात घालते, तेव्हा सगळे ईऽऽ करतात. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिजदुरा गाव आहे, तिथे डायनासोरचं दगड झालेलं शेण सापडतं. २००५ साली त्यात गवताचे अंश मिळाले. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच असं मानत होते. तेव्हा शेणाला हसू नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' बरं. आता विषय.

विज्ञान कच्चं आहे, मान्य. सिनेमात डिंकात अडकलेल्या डासाच्या पोटातल्या डीएनएपासून डायनासोर घडवतात, पण तो इतकी वर्षं टिकत नाही. टी-रेक्स जुरासिक काळातला नव्हेच, त्यानंतरच्या क्रिटेशस काळातला. खरा व्हेलोसिरॅप्टर टर्कीएवढा, वर अंगावर पिसं. तरीही आपण विश्वास ठेवतो, कारण १२७ मिनिटांत डायनासोर जेमतेम १५ मिनिटं दिसतात. बाकी वेळ आपण वाट बघतो. पहिल्या दर्शनात आधी दिसतो तो ग्रँट या नायकाचा चेहरा. तो उठतो, चष्मा काढतो, शेजारचीचं डोकं धरून वळवतो, आणि मग प्राणी. नटांसमोर तेव्हा काहीही नव्हतं. टी-रेक्स कुंपण तोडून येतो तेव्हा जॉन विल्यम्सचं संगीत गप्प आहे, नुसता पाऊस. यांत्रिक टी-रेक्सच्या कातडीने पाणी धरलं की तो थरथरायचा, माणसं टॉवेल घेऊन पुसत बसायची. फिल टिपेट बाहुल्यांना एकेका चौकटीत हलवणारा कलावंत. संगणकावर केलेल्या डायनासोरची चाचणी पाहून म्हणाला, आता मीच नामशेष झालो. स्पीलबर्गने ते वाक्य उचलून सिनेमात घातलं आणि टिपेटला कामावरून न काढता प्राण्यांच्या चालीचा जाणकार म्हणून ठेवून घेतलं. संगणकवाल्यांना जनावर कसं चालतं ते त्याने दाखवलं.

स्वयंपाकघरातल्या प्रसंगावर पाच मुद्दे काढले होते. एकच सांगतो, तिथल्या काही चौकटींत रॅप्टरच्या कातडीत चक्क माणूस आहे. कोणत्या, ते आज रात्री बघून ओळखा. अध्यक्ष उभे राहिलेत, मी बसतो.