व्होल्टासमधला ‘व्होल’

नमस्कार, श्रोतेहो.

उन्हाळ्यात एसीच्या दुकानात गेलात तर एक नाव हमखास दिसतं: व्होल्टास. त्यातलं ‘टास’ म्हणजे टाटा सन्स, हे जरा डोकं चालवलं की लक्षात येतं. पण मग ‘व्होल’ कोण? मी बरीच वर्षं समजत होतो की हा विजेचा व्होल्ट असणार. विजेशी त्याचा काडीचा संबंध नाही. हा ‘व्होल’ स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावचा. व्होल्कार्ट ब्रदर्स या पेढीने टाटांबरोबर १९५४ साली ही कंपनी काढली. पण तोवर ही पेढी मुंबईत शंभरी ओलांडून बसली होती. आज बोलायचंय ते या पेढीबद्दल, आणि तिच्यातून आलेला पैसा पुढे कुठे कुठे गेला त्याबद्दल.

विंटरथूर हे झुरिचच्या शेजारचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथे सूतगिरणी आली होती. सूत काढायची यंत्रं बनवणारी रीटर ही कंपनी तिथलीच, सुल्झर नावाचा मोठा कारखाना तिथलाच. गिरणी म्हटली की कापूस हवा, आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरात कापूस पिकत नाही. आसपास समुद्र नाही, बंदर नाही, ताब्यात एखादी वसाहतही नाही. अशा गावातल्या सालोमन आणि योहान गेऑर्ग या दोन भावांनी १ फेब्रुवारी १८५१ रोजी एकाच दिवशी दोन ठिकाणी पेढी उघडली. एक विंटरथूरमध्ये, दुसरी मुंबईत. सालोमन तिकडे, योहान गेऑर्ग इकडे. त्यांच्या जर्मन भाषेत आडनावाचा उच्चार ‘फोल्कार्ट’ होतो. मुंबईने त्याचं व्होल्कार्ट केलं, आणि तेच आपल्याकडे टिकलं.

१८५१ म्हणजे काय, तर बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावायला अजून दोन वर्षं होती. सुएझ कालवा अठरा वर्षं लांब. मालाचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून जायचं. विंटरथूरच्या भावाने मुंबईच्या भावाला भाव विचारला, तर उत्तर येईपर्यंत भाव बदललेला असायचा. अशा वेळी धंदा चालायचा तो एकमेकांवरच्या विश्वासावर. इथून कापूस, गळिताची धान्यं, कॉफी, मसाल्याचे जिन्नस, काथ्या तिकडे जाई. तिकडून कापड, घड्याळं आणि पुढे यंत्रंही इकडे येत. मुंबईपाठोपाठ कोलंबो, कोचीन, कराची अशा शाखा निघाल्या. पण दहाच वर्षांत, १८६१ साली, योहान गेऑर्ग वारला. वय पस्तिशीच्या आसपास.

त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस अडकला आणि साऱ्या युरोपच्या गिरण्यांची नजर मुंबईकडे वळली. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, बँका आणि कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्यातल्या कितीतरी बुडाल्या. व्होल्कार्टची पेढी मात्र टिकली.

आता जरा वऱ्हाडात जाऊ या, कारण खरी गंमत तिथे आहे. आधी परदेशी पेढ्या मुंबईत बसूनच कापूस घेत. गाठ फोडली की कधी आत दगड निघायचा, कधी सरकी, कधी पाणी मारून वजन वाढवलेली रुई. हा प्रकार इतका बोकाळला की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. पुढे रेल्वे आणि तारायंत्र आलं. जलंबहून खामगावला जाणारा छोटा फाटा १८७० साली सुरू झाला, खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी आले होते. मग मोठ्या पेढ्यांनी मुंबईतून पाय उचलला आणि थेट बाजारपेठेत ठाण मांडलं. व्होल्कार्टची एजन्सी खामगावात आली. शेतकऱ्याच्या बैलगाडीतला कापूस तिथेच घ्यायचा, तिथेच सरकी काढायची, प्रेसमध्ये दाबून गाठ बांधायची आणि रेल्वेत चढवायची. मधले चार दलाल गळाले. पण म्हणून शेतकरी मोकळा झाला असं समजू नका. पेरणीला पैसा सावकाराचाच होता, आणि त्याला परतफेड हवी ती कापूस घरात येण्याआधी.

याच कापसाच्या पैशातून काय काय उभं राहिलं, हे पाहण्यासारखं आहे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिला, आणि हे प्रेमचंद म्हणजे त्या तेजीतले कापसाचे राजेच. भाव पडल्यावर खेडोपाडी काय झालं, तेही आपल्याला माहीत आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं पेटवली. कापूस एकच, पण त्याने कुणाला मनोरा दिला, कुणाला कर्जखत. आणि विंटरथूरला?

विंटरथूरला दिली चित्रं, कविता आणि संगीत.

झालं असं की सालोमनची मुलगी लिली हिचं लग्न थिओडोर राइनहार्ट या तरुणाशी झालं. त्याच्याही घरात कापसाचाच व्यापार. तो सासऱ्याच्या पेढीत आला, आणि पेढी व्होल्कार्टांकडून राइनहार्टांकडे गेली. थिओडोर हिशेबाला पक्का, पण चित्रकारांवर जीव टाकणारा. कार्ल होफर या जर्मन चित्रकाराला त्याने नुसता पैसा पुरवला नाही, १९१० आणि १९११ साली हिंदुस्थानच्या प्रवासालाही धाडलं. पेढीची माणसं इथे होतीच. विंटरथूरच्या कलासंग्रहालयाची इमारत १९१६ साली उघडली, तिलाही थिओडोरचा हातभार होता.

त्याला चार मुलगे. गेऑर्ग, हान्स, वेर्नर आणि ऑस्कर. गेऑर्गने मुख्यतः पेढीची धुरा सांभाळली आणि पूर्वेकडच्या कलावस्तू जमवल्या. हान्स कवी झाला, त्याच्या नावाने तिकडे नाट्यकलावंतांना मानाची अंगठी देतात. राहिले दोघे.

सगळ्यात धाकटा ऑस्कर. १९२४ साली, चाळिशीच्या आत, त्याने पेढीतून अंग काढून घेतलं आणि गावाबाहेरच्या टेकडीवरचं ‘आम रोमरहोल्त्स’ हे घर विकत घेतलं. मग आयुष्यभर एकच काम, चित्रं जमवायची. सेझान, रन्वार, व्हॅन गॉग, आणि त्यांच्या जोडीला थोरला ब्रॉइगल, क्रानाख, गोया असे जुने उस्ताद. हे सारं स्वतःच्या भिंतींवर ठेवून तो सुखाने मेला असता, तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण आधी एक मोठा संग्रह त्याने प्रतिष्ठान करून गावाला दिला. १९५१ साली त्याचं संग्रहालय उघडलं. नंतर राहतं घर आतल्या सुमारे दोनशे कलाकृतींसह देशाच्या नावे करून टाकलं. अट एवढीच की चित्रं घराबाहेर उसनी द्यायची नाहीत. हा हट्ट मला थोडा आवडतो आणि थोडा खटकतोही. ज्याला बघायचंय त्याने विंटरथूरला यावं! ही अट पुढे सैल झाली आणि २०२५ साली त्यातली निवडक चित्रं लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत लोकांनी पाहिली.

पण श्रोतेहो, मला विचाराल तर माझा जीव जडला तो वेर्नरवर. हा पेढीत राहिला. दिवसा कापूस, संध्याकाळी क्लॅरिनेट. स्वतः हौशी वादक. गावात १६२९ पासून चालत आलेली एक संगीतसभा होती, तिच्या वाद्यवृंदामागे तो उभा राहिला. रिल्के या कवीला राहायला नीट जागा नव्हती. त्याला मुझोट नावाचा मध्ययुगीन मनोरा आवडला. वेर्नरने तो १९२१ साली भाड्याने घेतला, पुढच्या वर्षी सरळ विकतच घेतला आणि रिल्केला राहायला दिला. भाडं नाही, मुदत नाही. दहा वर्षं अडून बसलेली रिल्केची विलापिकांची, म्हणजे शोकगीतांची मालिका १९२२ च्या फेब्रुवारीत तिथेच पुरी झाली. एवढं करून वेर्नर बाजूला. कवीच्या कामात नाक खुपसायचं नाही, ही देण्याची रीत त्याला साधली होती. आपल्याकडे देणगीदाराचं नाव पंख्याच्या पात्यावरही रंगवलेलं असतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

दुसरी गोष्ट वेबर्नची. ऑस्ट्रियातला हा संगीतकार. नाझी राजवटीत त्याच्या संगीताला त्याच्याच देशात मज्जाव होता. वेर्नरला अर्पण केलेली त्याची वाद्यवृंदाची एक रचना १९४३ साली, ऐन महायुद्धात, विंटरथूरला पहिल्यांदा वाजली. वेबर्न ती ऐकायला स्वतः आला होता. भर युद्धात एका माणसाला स्वतःचं संगीत कानांनी ऐकायला मिळालं.

आता या दातृत्वाचं कौतुक करताना एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. या घराण्याने कुणाचं लुटून नेलं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी बाजारभावाने कापूस घेतला आणि धंदा चोख केला. पण तो बाजार ब्रिटिश राजवटीने मांडलेला होता. स्विस व्यापाऱ्याला स्वतःची वसाहत ठेवायचा खर्च न करता तिची सोय मिळाली. विंटरथूरला संग्रहालयं झाली, मनोऱ्यात कविता झाली. ज्या काळ्या मातीतून तो कापूस निघाला, तिथे यातलं काय पोचलं, हे खामगावच्या कुठल्याही जुन्या शेतकरी घरात विचारा.

अलीकडची हकिकत थोडक्यात सांगतो. १९५१ मध्ये शंभरी पुरी झाली तेव्हा पेढीच्या नावाने एक धर्मादाय प्रतिष्ठान निघालं. पुढे याच घराण्यातले जॉर्ज राइनहार्ट हे छायाचित्रांच्या संग्रहालयाचे एक संस्थापक झाले. ते १९९३ साली विंटरथूरला उघडलं, एका जुन्या कापड कारखान्यात. पेढीची १९२८ ची गोल आकाराची कचेरी आता शिक्षणासाठी वापरतात. व्यापारशास्त्र शिकवतात तिथे.

निरोप घेण्याआधी पुन्हा वेर्नरकडे येतो. १९१८ साली स्त्राविन्स्की स्वित्झर्लंडमध्ये अडकून पडला होता. रशियात क्रांती झालेली, तिकडून येणारा पैसा आटलेला. त्याने एका शिपायाची आणि सैतानाची गोष्ट सांगणारा छोटा प्रयोग रचला, साथीला फक्त सात वादक. त्याचा खर्च वेर्नरने उचलला. लोझानला एक प्रयोग झाला, आणि फ्लूच्या साथीने पुढचे बंद पाडले. स्त्राविन्स्कीने आभार मानले ते वेर्नरच्याच वाद्यातून. एकट्या क्लॅरिनेटसाठी त्याने तीन छोट्या रचना लिहिल्या आणि त्या वेर्नरला अर्पण केल्या. तिन्ही मिळून चार-पाच मिनिटांच्या आहेत, सहज मिळतात. पहिली संथ आहे, खर्जातली. रात्री सगळे झोपल्यावर लावा.

नमस्कार.