आभाळाचा एक-चौदा

(गोव्यात, फोंड्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात, ड्रोन पायलटांच्या नव्या तुकडीसमोर आणि नेहमीच्या ज्येष्ठ श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. सेक्रेटरीबाईंनी मला पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत. सात वाजता याच हॉलात भजनाची तालीम आहे आणि पेटीवाले आत्ताच दारात येऊन माझ्याकडे बघताहेत. म्हणून नमनाला घडाभर तेल जाळत नाही. फलकावर विषय लिहिलाय: 'प्रमाणपत्र मिळालं, पुढे काय?' पुढच्या तीन रांगांत जी पोरं-पोरी बसलीत त्यांच्या हातात ते प्रमाणपत्र नुकतंच पडलंय. दहा वर्षं चालेल ते. त्यांना काय करायचं ते मी सांगणार आहे, पण सुरुवात जमिनीवरून करतो, कारण मला दुसरं काही येत नाही.

मी 29 वर्षं जमीन मोजली. सत्तरीपासून साष्टीपर्यंत. मागे बसलेल्या ज्येष्ठांना एक-चौदाचा उतारा, आपला गोव्याचा सात-बारा, म्हणजे काय हे सांगायला नको, त्यांतल्या निम्म्यांचे दावे अजून चालू आहेत. (हसू नका, तुमचाही आहे, मला ठाऊक आहे.) तर एक-चौदावर वरती मालकाचं नाव. मग कुळाचा रकाना. मग 'इतर हक्क' नावाचा एक रकाना. जमीन घेणारा माणूस वरचं नाव वाचतो, खूश होतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. आणि भांडण कुठं असतं? त्या खालच्या रकान्यात. तिथे मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर असतं, कुणाची तरी वाट असते, शेजाऱ्याला विहिरीवर पाणी भरायचा हक्क असतो. माझ्या 29 वर्षांत वरच्या नावावरून झालेली भांडणं मी बोटावर मोजेन. बाकी सगळी 'इतर हक्का'ची.

आता माझं म्हणणं एवढंच आहे की आभाळालाही एक-चौदा असतो. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळाचा जो रंगीत नकाशा तुम्हाला शिकवलाय, हिरवा-पिवळा-लाल, तो उताऱ्यावरचं वरचं नाव आहे. हिरवा रंग दिसला की पोरं बॅटरी चढवतात. खालचा रकाना वाचायला कुणी थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो. मी तर वरचं नावसुद्धा वाचलं नव्हतं, ती गोष्ट ऐका.

निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या फोडणीत चुका काढायला लागलो, तेव्हा मुलाने मला ड्रोनच्या कोर्सला घातलं. अठरा ते पासष्ट अशी वयाची अट आहे, मी काठावर बसलो. दहावी पास पाहिजे, तेवढा मी आहे. पास झालो. आणि अकराव्या दिवशी पहिलं काम आलं. लग्न. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, मुहूर्तांची झुंबड. मुलीचे वडील फोनवर म्हणाले, "सर्व्हेयरबाब, हॉल चिखलीला. वरातीचा वरून शॉट पाहिजे." मी दर सांगितला पंचवीस हजार. दहा हजार आगाऊ घेतले. त्या दहा हजारांतून त्याच दिवशी दोन जादा बॅटऱ्या घेतल्या.

इथे कुणी चिखलीचा आहे का? आहे? बाबा, तू हसतोयस याचा अर्थ तुला कळलं. चिखली म्हणजे दाबोळी विमानतळाच्या कुंपणाला जवळजवळ टेकलेलं गाव. तिथे माणसं विमानाचा आवाज ऐकून घड्याळ लावतात. आणि मी, ज्याने आयुष्यभर लोकांना 'आधी उतारा आणा' म्हणून परत पाठवलं, मी आगाऊ रक्कम घेताना नकाशा उघडलाच नाही. का? तर माझ्या डोक्यात रस्ता होता. फोंड्याहून बोरीचा पूल, वेर्णा, मग चिखली. विमानतळ हा माझ्या मनात एक वेगळा फाटा होता, जिथे पाहुण्यांना सोडायला जातात.

लग्नाच्या आदल्या रात्री साडेदहाला नकाशा उघडला. लाल. नुसता लाल नाही, लालाच्या मधोमध. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय कागदी विमानही नको, असं मी माझ्यापुरतं समजतो. सकाळी सात वाजता मुलीच्या वडिलांना गाठलं. मांडवात केळीचे खांब बांधत होते. मी सांगितलं, उडवता येणार नाही. ते म्हणाले, "तुमकां लायसन मेळ्ळां न्हय?" मी म्हटलं, मिळालंय, पण ते मला मिळालंय, या जागेला नाही. त्यांना ते पटलं नाही. पटणार तरी कसं? गाडीचं लायसन असलं की माणूस गाडी कुठेही नेतो. मग त्यांनी नवऱ्यामुलाच्या मामाला बोलावलं. लग्नातला मामा हा प्रत्येक अडचणीवरचा उपाय असतो. मामा म्हणाले, "माझा एक दोस्त नेव्हीत आहे, फोन लावतो." मी म्हटलं, मामा, कृपा करा, फोन लावू नका. दाबोळीचा टॉवर, विमानांना परवानगी देतो तो, नौदलाच्याच हातात आहे. आय.एन.एस. हंस हा नौदलाचा हवाई तळ तिथे आहे. तुम्ही फोन लावला की पहिला प्रश्न विचारतील, ड्रोनवाल्याचं नाव काय.

आणि बरोबर मंगलाष्टकं चालू असताना एक मिग-29के लढाऊ विमान उठलं. ज्यांनी ते जवळून ऐकलंय त्यांना सांगायला नको. 'शुभ मंगल' इतकं ऐकू आलं, 'सावधान' विमानाने गिळलं. भटजींचा हात अंतरपाटावर तसाच राहिला. सगळा मांडव अक्षता मुठीत धरून वर बघतोय. आणि माझ्याकडे मुलीच्या वडिलांनी एकदा पाहिलं, काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

वरून शॉटचं काय केलं विचाराल तर हॉलच्या गच्चीवर गेलो आणि आंबे काढायच्या बांबूला कॅमेरा बांधला. हात थरथरत होते. अर्ध्या फ्रेममध्ये वरात, अर्ध्या फ्रेममध्ये शेजाऱ्याची काळी पाण्याची टाकी. दहा हजार परत केले. बॅटऱ्या कपाटात आहेत.

दाबोळीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो, मग पुढे जातो. आमचे आजोबा सांकवाळला राहायचे. 18 डिसेंबर 1961 ला आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. पण खाली दोन प्रवासी विमानं उभी होती, ती वाचली. पोर्तुगिजांनी धावपट्टी कशीबशी बुजवली आणि रात्रीच्या अंधारात ती दोन्ही विमानं उडवून थेट कराचीला नेली. आजोबा म्हणायचे, "परवानगी न घेता उडालेलं शेवटचं विमान ते." आता त्यांना ड्रोन माहीत नव्हते, म्हणून 'शेवटचं' म्हणाले.

किती वाजले? सहा वीस? नाही, सहा पस्तीस. बरं. पेटीवाले, बसा, बसा.

आता वर्तुळं. ड्रोन नियम 2021 चे. विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंत लाल. पाच ते आठ किलोमीटर, जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे टॉवरची परवानगी. आठ ते बारामध्ये 200 फुटांपर्यंत हिरवा, त्याच्यावर पिवळा. बाराच्या पलीकडे 400 फुटांपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा. हे तुम्ही परीक्षेला पाठ केलंय. त्यात तीन ठिकाणी घोडं पेंड खातं, तिन्ही मोजणीची आहेत म्हणून मला दिसतात.

पहिलं, अंतर हद्दीपासून मोजायचं. धावपट्टीच्या मधल्या बिंदूपासून नाही, टर्मिनलच्या दारापासून नाही. दाबोळीची धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या घरातली आहे. मधून मोजलंत तर दीड किलोमीटरची चूक तिथेच झाली. दुसरं, अंतर पक्ष्याचं, बसचं नाही. पणजी ते दाबोळी बसने जा, झुआरी ओलांडून वळसा घालून, तास जातो. सरळ रेषेत पणजी बाराच्या काठावर येते आणि दोनापावला आठच्या आसपास. म्हणून दोनापावलाच्या जेट्टीवर प्रीवेडिंग करणाऱ्यांनो, पायाखालचा बिंदू नकाशावर टेकवून बघा, अंदाज करू नका. आणि उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाचं वर्तुळ महाराष्ट्राची सीमा बघत नाही. सिंधुदुर्गातल्या बांद्याकडच्या पोरांना वाटतं, गोव्याचं विमानतळ, आपला काय संबंध. जानेवारी 2023 पासून तिथे विमानं उतरताहेत, संबंध आहे.

तिसरं उंचीचं, आणि यावर मी खरं तर तासभर बोलू शकलो असतो. 400 फूट म्हणजे जमिनीपासून. तुमच्या हातातल्या स्क्रीनवर जो आकडा असतो तो जिथून उडालात तिथपासूनचा. आपला गोवा सपाट थोडाच आहे? सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट माथ्यावर, उभं राहून 110 मीटर दाखवत ड्रोन खाली खाजनाकडे, खाडीकाठच्या सखल शेताकडे नेलात, तर सडा पन्नास मीटर उंच असल्यास ड्रोन खालच्या शेतापासून 160 मीटरवर गेला. 120 ची मर्यादा कधीच ओलांडली, आणि स्क्रीन गप्प. खाणींमध्ये हे सगळ्यात जास्त घडतं. खाणीच्या वरच्या पायरीवरून उडवायचं आणि खड्ड्यावर न्यायचं, खड्डा खाली किती खोल आहे कुणी विचारत नाही. आणि खाणीचं काम तुमच्याकडे येणार आहे, लिहून घ्या. नोव्हेंबर 2021 च्या दुरुस्तीपासून 50 हेक्टर किंवा जास्त क्षेत्राच्या, किंवा वर्षाला दहा लाख टन किंवा जास्त खोदकामाची योजना असलेल्या खाणपट्ट्यांना दरवर्षी ड्रोनने सर्वेक्षण करून द्यावं लागतं. मार्च 2018 मध्ये आपल्याकडच्या खाणी थांबल्या, आता हळूहळू परत सुरू होताहेत. डिचोली, सांगेची पोरं मला ऐकताहेत ना?

सेक्रेटरीबाई हात दाखवताहेत. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी तुम्हाला बोलावलं ते आता पाच मिनिटांत.

'इतर हक्क'. हिरवा रंग दिसला तरी हे बघायचंच. जुने गोवे, आग्वाद, असं पुरातत्त्वाचं काही असेल तर त्या खात्याची परवानगी वेगळी, नकाशा हिरवा असो वा नसो. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर, ही अभयारण्यं, तिथे वनखातं. दूधसागर त्यातच येतो, म्हणून धबधब्याचं काम घेण्यापूर्वी दोनदा विचार. कुणाचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, कुणाची गच्ची, कुणाची बाई वाळवण घालतेय, ते हक्क नकाशावर कधीच येणार नाहीत, तिथे आधी जाऊन बोलायचं. आणि तात्पुरता लाल. राज्य सरकार किंवा पोलीस, अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या सहीने, एका वेळी 96 तासांपर्यंत कुठलाही भाग लाल करू शकतात. दिल्लीहून कुणी मोठं आलं की हे होतं. म्हणजे सोमवारी बघितलेला हिरवा शुक्रवारी हिरवा असेलच असं नाही. उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय बघणं नियमातच बंधनकारक आहे, ती सवय म्हणून सोडलेली नाही.

म्हणून मी तीनदा बघतो. दर सांगण्यापूर्वी, आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी. मग आदल्या रात्री. मग जागेवर, प्रोपेलर लावण्यापूर्वी, आणि त्या तिसऱ्या वेळी स्क्रीनशॉट काढून ठेवतो, तारीख-वेळ दिसेल असा. पोलीस आला तर भाषण देण्यापेक्षा फोन पुढे करावा. पिवळा असेल तर टॉवरची परवानगी येईपर्यंत लग्नाची तारीख थांबत नाही, म्हणून कोटेशनमध्येच लिहायचं: 'परवानगी मिळाल्यास'. मी आता लिहितो. ग्राहक थोडे कमी झाले, भांडणं बरीच कमी झाली.

बाकी चटकन. प्रमाणपत्रावर वर्ग लिहिलेला असतो, तुम्ही 'स्मॉल' या वजनाच्या वर्गातल्या यंत्रावर शिकलात तर मोठं यंत्र उडवायला तेच चालेल असं समजू नका. यंत्राचा युआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, पाहिजे. तिसऱ्या पक्षाचा विमा, फक्त 250 ग्रॅमच्या आतल्याला सूट. दोन किलोच्या आतलं यंत्र हौसेने उडवायला प्रमाणपत्र लागत नाही हे खरं, पण लग्नाचे पैसे घेतलेत की ती हौस राहिली नाही. दुबईहून काका आणतो ते खोकं विसरा, फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोनची आयात बंद आहे, संशोधन आणि संरक्षणासारखे अपवाद सोडून. दंड एक लाखापर्यंत. माझ्या चिखलीच्या बिलाच्या चौपट.

झालं, झालं, आत या तुम्ही, तबला इकडे ठेवा. पोरांनो, उठण्यापूर्वी एक करा. फोन काढा, नकाशा उघडा आणि हा हॉल शोधा. चौथ्या रांगेतली मुलगी, कुठला रंग दिसतोय? हिरवा. बरोबर. आता या हॉलच्या छपराच्या मालकाला विचारलंत का? ते सेक्रेटरीबाईंच्या हातात आहे, आणि त्या आता माझ्यावर चिडल्या आहेत. ज्याला आणखी काही विचारायचंय त्याने बाहेर पायरीवर यावं. येताना आपण कुठे राहतो ते नकाशावर टेकवून आणा, मग बोलू.